पाळत कैसरवर, फास हिंदी जनतेला

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश गुप्तहेर खात्याने जर्मन वकिलातींवर ठेवलेली पाळत ही हिंदुस्थानच्या संरक्षणाची थोर कामगिरी होती, असे साम्राज्याचे भाट आजवर सांगत आले आहेत. या दाव्याची एकदा झडती घेतली पाहिजे.

जर्मन कारस्थान खोटे होते असे कोणी म्हणत नाही. इंग्लंडची ही वसाहत खिळखिळी करणे बर्लिनला हवेच होते. सॅनफ्रान्सिस्को येथील जर्मन वकिलातीने गदर पक्षासाठी पैसा व शस्त्रे यांची तजवीज केली. १९१५ साली नरेंद्रनाथ भट्टाचार्य, म्हणजेच पुढे विख्यात झालेले मानवेंद्रनाथ रॉय, याच हेतूने बटाव्हियास जर्मनांच्या भेटीला गेले. ब्रिटिश हेर अमेरिकेपासून सयामपर्यंत त्यांच्या मागावर होते. शस्त्रे घेऊन निघालेले ‘अ‍ॅनी लार्सन’ गलबत जून १९१५ मध्ये अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हाती पडले; ती शस्त्रे वाहून नेणारे ‘मॅव्हरिक’ जहाज जावास रिकामेच पोचले.

परंतु फासावर कोण चढले? जर्मन कॉन्सल जनरल फ्रान्झ बॉप यास अमेरिकन न्यायालयाने तुरुंगवास दिला. तळेगाव ढमढेरे येथील विष्णु गणेश पिंगळे यास मात्र मीरतच्या लष्करी छावणीत पकडून १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात करतारसिंग सराभाबरोबर फाशी देण्यात आले. आणि पंजाबातील उठाव फुटला तो घरभेद्यामुळे. जर्मन शस्त्रांचे एकही जहाज त्यांच्या मदतीस आले नव्हते!

युद्ध नोव्हेंबर १९१८ मध्ये संपले. शत्रू पराभूत झाला. मग पाळतीची यंत्रणा मोडीत निघाली काय? मुळीच नाही. जर्मन कटांचा पाढा वाचणाऱ्या रौलट समितीच्या अहवालावरून मार्च १९१९ मध्ये खटल्याविना डांबून ठेवणारा काळा कायदा आला, आणि महिन्याभरात जालियनवाला बागेत रक्ताचा सडा पडला.

डेव्हिड पेट्री या एका अधिकाऱ्याची कारकीर्द पाहिली तरी पुरे. महायुद्धकाळात अतिपूर्वेत क्रांतिकारकांचा माग काढणारा हा गृहस्थ १९२४ मध्ये हिंदुस्थान सरकारच्या गुप्तवार्ता विभागाचा प्रमुख झाला. आता बर्लिनच्या जागी मॉस्को आले, एवढाच फरक! त्याच्याच कारकीर्दीत, २० मार्च १९२९ रोजी, डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर यांच्यासह देशभरातील कामगार पुढाऱ्यांची धरपकड झाली. खटला चालला तो पुन्हा मीरतलाच.

यातून दोन धडे घ्यावयाचे. कैसरच्या वकिलातीत स्वातंत्र्याची शस्त्रे मिळतील, ही त्या शूर देशभक्तांची भाबडी आशा होती. एका लुटारूचा प्रतिस्पर्धी हा लुटल्या जाणाऱ्यांचा मित्र नसतो. त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होऊनही हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. परकीय हाताची हाकाटी करून राज्यकर्ते जेव्हा नवी पाळत आणि नवे कायदे मागतात, तेव्हा कष्टकरी जनतेने एकच प्रश्न विचारावा: युद्ध संपल्यावर हे हत्यार कोणावर रोखले जाणार? १९१९ आणि १९२९ या दोन्ही साली त्याचे उत्तर मिळालेले आहे.