काचेपलीकडचा गवा

"कॉमर्सच्या मुलाचे म्युझियममध्ये काय काम रे?" मामांनी हसत विचारले, तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला जाण्याचा योग आला आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मी अर्धा दिवस घालवला. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही घुमटाची भव्य इमारत १९२२ साली लोकांना खुली झाली. मामा अजून तिला प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच म्हणतात.

निसर्गविभागात काचेपलीकडे गवा उभा होता. शेजारचा एक मुलगा "केवढा मोठा!" म्हणून ओरडला. मला मात्र वर्गातला खानापूरकडचा मित्र आठवला. तो गव्याला काडुकोण म्हणतो. त्याच्या घरी गव्याचे कौतुक नाही. गवा रात्री भातात शिरला की वर्षाची मेहनत गेली. म्हणजे जे पाहायला मी मुंबई गाठली, ते मित्राच्या बांधावर येत होते! पुढे धनेश होता. त्याची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते व नर फटीतून तिला फळे भरवतो. हा संसार आपल्याच सह्याद्रीत चालतो, हे मला विसाव्या वर्षी कळले.

परत आल्यावर ग्रंथालयात बसलो. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते, हे वाचून आनंद झाला. याच संस्थेच्या पाहणीत खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेत एक वटवाघूळ सापडले. १९१३ साली लंडनच्या ऑल्डफील्ड थॉमस यांनी त्याचे शास्त्रीय नामकरण केले, तेही रॉटन या इंग्रज वनाधिकाऱ्याच्या नावावरून. पुढे कित्येक दशके साऱ्या जगात त्याचा हा एवढाच पत्ता ठाऊक होता. २०११ साली भीमगड अभयारण्य झाले, ते याच रानात. आणि आम्ही? आमच्यापैकी किती जणांनी हे ऐकले आहे?

आम्हाला वर्गात शिकवतात, की दुकानदाराने वर्षअखेरीस मालाची मोजदाद करावी. संग्रहालय तरी दुसरे काय करते? वस्तू कोठे, केव्हा, कोणाला मिळाली, याची नोंद ठेवते. आमच्या रानाची मोजदाद मात्र परक्यांनी केली, आणि वहीही त्यांच्याकडेच राहिली.

माझे म्हणणे एवढेच, की गावोगावी घुमट नकोत, पेंढा भरलेली जनावरेही नकोत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एक जाड वही ठेवावी. या अंकाला जसे दोन विभाग, तसे तिला दोन रकाने असावेत. एकात मराठी नाव, दुसऱ्यात कन्नड. पुढे गाव व तारीख. खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या विद्यार्थ्यांनी ती भरावी. या विषयात तेच आपले प्राध्यापक आहेत.

वही मी आणली आहे. पहिली ओळ मित्राने लिहिली: गवा, काडुकोण. पुढचे पान कोण भरतो?