आवाज कोडमध्ये गाडू नका

‘एकच फाईल, कुठेही चालते!’ असं म्हणत आवाज बेस-६४ करून थेट कोडमध्ये चिकटवायची हौस कोणाच्या जिवावर? दर ३ बाइटची ४ अक्षरं होतात. म्हणजे आवाज सुमारे ३३ टक्के फुगतो. वेबपानातलं एक अक्षर बदललं, तरी तो तुमच्या डेटा पॅकमधून पुन्हा उतरतो. वेगळी फाईल ब्राउझरने जपून ठेवली असती.

त्याहून वाईट म्हणजे, इंग्रजी सूचनेऐवजी मराठी आवाज हवा असेल, तर वेगळी फाईल कोणीही बदलेल. कोडमध्ये गाडलेल्या आवाजासाठी प्रोग्रामरचे पाय धरा!

फाईल सिस्टिमच नसलेल्या चिपवर नाइलाज असतो, मान्य. पण तिथेही सी-२३मधलं ‘एम्बेड’ आवाज वेगळ्या फाईलमध्येच ठेवू देतं आणि कंपाइल करताना जोडतं.

बाकी सगळा आळस. त्याला सोय म्हणू नका.