चरबी दिसते, व्रण दिसत नाहीत

सोनोग्राफीच्या अहवालात ‘फॅटी लिव्हर, ग्रेड वन’ असे लिहून आले की बहुतेक घरांत तो कागद ‘हल्ली सगळ्यांनाच असते’ म्हणून फायलीत जातो, नाहीतर लिव्हर टॉनिकची बाटली घरी येते. मधुमेह असलेल्या माणसाला हे परवडणारे नाही.

टाइप २ मधुमेहाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या यकृतात जास्तीची चरबी असते. त्यातल्या बहुतेकांचे यकृत निकामी होत नाही. पण काहींच्या यकृताला सूज येते, ती भरून येताना व्रणाचे तंतू साठत जातात आणि वर्षानुवर्षांनी त्याचा सिरोसिस होतो. तोवर सहसा काही दुखत नाही. रक्ततपासणीत यकृताचे एसजीपीटी नॉर्मल असतानाही हे चालू राहू शकते. सोनोग्राफीचा ग्रेड फक्त चरबीबद्दल बोलतो. रुग्णाचे पुढे काय होणार हे ठरते ते व्रणांवरून, म्हणजे फायब्रोसिसवरून.

त्याचा पहिला अंदाज घ्यायला नवी तपासणी लागत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांतून ‘फिब-४’ हा निर्देशांक निघतो. तो १.३ पेक्षा कमी असेल (पासष्टीनंतर २ पेक्षा कमी), तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी. त्याहून जास्त असेल तर यकृताचा कडकपणा मोजणारे फायब्रोस्कॅन करून घ्यावे. हे आकडे मधुमेहींच्या फायलीत बहुधा आधीच असतात. केंद्र सरकारने २०२१ मध्ये हा आजार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तरीही हे साधे गणित प्रत्येक मधुमेहीसाठी मांडले जात नाही, ही खंत आहे. प्रयोगशाळांनी तो आकडा अहवालातच छापावा.

‘मी तर बारीक आहे’ हा दिलासाही तपासून घ्यावा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्याशी केली होती. दोघांचा बीएमआय २२.३; पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे वजनाच्या काट्याबरोबर कमरेची टेपही हवी: पुरुषांत ९० सेंटीमीटर, स्त्रियांत ८०, याच्या पुढे धोका.

उपचारात अजूनही वजनाचेच पारडे जड आहे. पाच टक्के वजन उतरले तरी यकृतातली चरबी कमी होते. सात ते दहा टक्क्यांनी सूज ओसरते, व्रणही मागे हटू शकतात. ऐंशी किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो झाले. ते सावकाश उतरवावे, उपासमार करून नव्हे. गोड पेये सोडावीत, मद्य तर नकोच. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात हवेत.

एक गैरसमज मात्र विशेष घातक आहे. ‘लिव्हरला त्रास होईल’ या भीतीने अनेक जण कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या परस्पर बंद करतात. फॅटी लिव्हरमध्ये त्या सुरक्षित आहेत. यकृत निकामी होऊ लागलेल्या सिरोसिसच्या रुग्णांपुरताच वेगळा विचार डॉक्टर करतात. या आजाराच्या रुग्णांत सर्वाधिक मृत्यू हृदयविकाराने होतात, यकृताने नाही.