खोडदच्या दुर्बिणीपर्यंत आपली मुले का पोचत नाहीत?

नारायणगावहून खोडदकडे निघाले की शेतांच्या मधोमध जाळीच्या अवाढव्य डिश दिसू लागतात. एकेक डिश 45 मीटर व्यासाची. अशा एकूण 30. त्यातल्या 14 खोडदजवळ एका चौकात आणि बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन रांगांमध्ये लांबवर पसरलेल्या. ही जीएमआरटी, म्हणजे जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे (टीआयएफआर) पुण्यातील केंद्र, एनसीआरए, ती चालवते. गोविंद स्वरूप यांनी कमी खर्चात, ताणलेल्या तारांच्या जाळीची डिश बनवण्याची कल्पना मांडली आणि ती जुन्नर तालुक्यात उभी राहिली. पैसा जनतेचा. आजूबाजूची गावे आपली. त्या गावांमध्ये बौद्धवाडे आहेत, ठाकरांच्या वाड्या आहेत. तिथली मुले 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचे प्रदर्शन बघायला शाळेच्या रांगेतून जातात, डिशसमोर फोटो काढतात आणि परत येतात. आत काम करायला किती जातात?

आत जाण्याचा एक रस्ता उन्हाळ्यात उघडतो, आणि हा लेख त्या रस्त्याबद्दल आहे.

एनसीआरए, आयुका यांसारख्या संस्था दर उन्हाळ्यात पदवी आणि पदव्युत्तर वर्गातल्या काही विद्यार्थ्यांना काही आठवड्यांसाठी बोलावतात. एका शास्त्रज्ञाच्या हाताखाली छोटा प्रकल्प असतो. दुर्बिणीने नोंदवलेला कच्चा डेटा घ्यायचा, त्यातला मोबाइल-टीव्हीच्या लहरींचा कचरा काढायचा, कॅलिब्रेशन करायचे आणि त्यातून एखाद्या आकाशगंगेची प्रतिमा तयार करायची. लिनक्स, पायथॉन जवळपास सगळे तिथेच शिकतात. सोबत स्टायपेंड. शेवटी सगळ्यांसमोर उभे राहून काय केले ते सांगायचे.

यात एवढे काय मोठे, असे कुणी म्हणेल. मोठे हे आहे की संशोधनाचे दार इथेच किलकिले होते. आयुकाच्या उन्हाळी कार्यक्रमात चांगले काम केलेल्या विद्यार्थ्याची पुढच्या पीएचडीसाठी आधीच निवड होऊ शकते. आणि निवड झाली नाही तरी एका नावाजलेल्या शास्त्रज्ञाचे शिफारसपत्र हाती येते. परदेशात अर्ज करताना मार्कशीटपेक्षा ते पत्र जड भरते. म्हणजे पीएचडीच्या मुलाखतीत जी चाळणी आपल्याला दिसते, तिच्या दोन वर्षे आधी दुसरी चाळणी लागून गेलेली असते. आपण लढतो पहिलीशी. दुसरी आपल्याला माहीतही नसते.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. केंद्रीय शिक्षणसंस्थांमधील प्रवेशांत अनुसूचित जातींना 15 टक्के, जमातींना 7.5 टक्के आणि ओबीसींना 27 टक्के आरक्षण देणारा कायदा 2006 चा. त्याच कायद्याच्या चौथ्या कलमाने काही संस्थांना त्यातून सूट दिली, आणि त्या संस्थांची यादी परिशिष्टात जोडली. त्या यादीत टीआयएफआर आहे. कारण काय, तर या 'उत्कृष्टतेच्या' आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था! उत्कृष्टता आणि आपण एका वाक्यात बसत नाही, हे संसदेच्या कायद्यात छापून आले आहे. शिवाय उन्हाळी इंटर्नशिप म्हणजे अभ्यासक्रमाचा प्रवेश नव्हे, त्यामुळे ज्या संस्थेला सूट नाही तिथेही या कायद्याचा हात इंटर्नशिपपर्यंत पोचत नाही. तिथे उरते ती फक्त गुणवत्ता. म्हणजे गुणवत्ता या नावाने जे काही मोजले जाते ते.

काय मोजले जाते? आमच्या अभ्यासिकेत येणारी एक मुलगी. तालुक्याच्या कॉलेजात फिजिक्स घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गात पहिल्या तिघांत. गेल्या वर्षी तिने असा एक फॉर्म डाउनलोड करून आणला. त्यात 'तुम्हाला खगोलशास्त्रात रस का आहे' हे इंग्रजीत लिहायचे होते. आणि तुम्हाला चांगले ओळखणाऱ्या प्राध्यापकाचे पत्र हवे होते. पहिल्या प्रश्नावर तिने तीन रात्री घालवल्या. दुसऱ्यासाठी ती विभागात गेली तर सर म्हणाले, "ही आयआयटी-आयसरवाल्यांची कामं. तू बी.एड.चं बघ." मग म्हणाले, "पत्र तूच टाइप करून आण, मी सही करतो." स्वतःचीच स्तुती इंग्रजीत कशी टाइप करायची हे तिला कुणी शिकवले नव्हते. ती आम्हाला म्हणाली, "दादा, मी स्वतःबद्दल असं कसं लिहू?" पत्र झाले तेव्हा मुदत संपून चार दिवस झाले होते.

समाजशास्त्रात बोर्द्यूने याला सांस्कृतिक भांडवल म्हटले. आपल्या भाषेत सांगायचे तर ज्याच्या घरात कुणी आधी गेले आहे, त्यालाच दाराची कडी कुठल्या बाजूला आहे हे ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट फॉर्ममध्ये कुठेच लिहिलेली नसते. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई. ती आणि तिची आई त्या दिवसांत केटरिंगच्या कामाला जातात, आणि त्या पैशांवर पुढच्या वर्षाची फी भरली जाते. स्टायपेंड मिळते हे खरे, पण ते हातात पडेपर्यंत पुण्यात खायचे काय? ज्याच्या घरी उन्हाळा सुट्टीचा असतो, त्याच्यासाठीच ही योजना आखलेली वाटते.

मेघनाद साहांचे उदाहरण अनेकजण देतात, पण अर्धेच. 1893 साली ढाक्याजवळच्या खेड्यात, खालची मानल्या गेलेल्या जातीत, छोट्या दुकानदाराच्या घरी जन्मलेल्या या माणसाने 1920 मध्ये जे समीकरण मांडले, त्यामुळे ताऱ्यांचे वर्णपट वाचता येऊ लागले. कोलकात्याच्या हॉस्टेलमध्ये सवर्ण मुले त्यांच्यासोबत जेवायला तयार नव्हती, हेही सांगितले जाते. राहून जाते ते हे की पुढच्या शाळेच्या गावात एका डॉक्टरने त्यांना घरी ठेवून घेतले नसते, तर साहा दुकानाच्या गल्ल्यावरच बसले असते. प्रतिभा होतीच. कुणीतरी जागा करून दिली, तेव्हा ती दिसली.

पँथरच्या काळापासून आपण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याकडे बघत आलो आहोत, म्हणून तिथले एक उदाहरण. तिथल्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेने कृष्णवर्णीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेला सोबत घेऊन वंचित समूहांतल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा उन्हाळी कार्यक्रम उभा केला. त्यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. मुलांना एकेकटे न पाठवता गटाने ठेवायचे, आणि उन्हाळा संपल्यावरही मार्गदर्शकाने संबंध तोडायचा नाही. एकट्या पडलेल्या मुलाचे काय होते हे आपल्याला कुणी सांगायला नको. कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक होऊ पाहणारा रोहित वेमुला आपण 2016 च्या जानेवारीत गमावला आहे.

आता थोडे आपल्याबद्दल, आणि हे कडू लागेल. आपल्या अभ्यासिकांच्या भिंतीवर एमपीएससी, पोलीस भरती, तलाठी भरतीच्या जाहिराती असतात. त्या असाव्यातच. पण विज्ञान शाखेतल्या मुलाला आपण काय देतो? "पोटाला नाही आणि तारे कसले बघतोस," हे त्याला सवर्ण प्राध्यापकाआधी आपल्याच वस्तीत ऐकायला मिळते. हजारो वर्षे आकाश वाचण्याचा मक्ता पंचांगवाल्यांकडे होता आणि त्यांनी आपल्याला आपले ग्रह वाईट असल्याचे सांगितले. ते पंचांग आपण 1956 साली सोडले. आकाश मात्र अजून हातात घेतलेले नाही.

या फॉर्मचा हंगाम थंडीतला. नेमके तेव्हा आपण 6 डिसेंबर आणि 1 जानेवारीच्या धावपळीत असतो. मग चैत्यभूमीवर पुस्तकांचे इतके स्टॉल लागतात, त्यात एक टेबल या फॉर्मचे का नको? पाच संस्थांची नावे, शेवटच्या तारखा आणि निवेदन तपासून देणारे दोन माणसे. माहितीच्या अधिकारात प्रत्येक संस्थेकडे मागील दहा वर्षांत प्रवर्गनिहाय किती अर्ज आले आणि किती निवडले गेले, हे विचारायला 10 रुपये लागतात. आकडे ठेवलेच नाहीत असे उत्तर आले, तर तेही छापून वाटू. बार्टीने एक उन्हाळी निर्वाह भत्ता द्यावा, ही मागणी निवेदनात घालायला आपल्याला कुणी अडवलेले नाही.

जे कुणी अशा संस्थांत जाऊन आले आहेत, आज पीएचडी करताहेत, त्यांनी एक रविवार आम्हाला द्यावा. भाषण नको. फक्त समोर बसून फॉर्म वाचायचे.

ती मुलगी आता एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. यंदा पुन्हा फॉर्म भरणार आहे. निवेदनाचा पहिला खर्डा तिने कालच पाठवला. शिफारसपत्रासाठी दुसरे सर शोधतो आहोत.

जय भीम!