गोष्ट सांगून दाखवा, मग गुण द्या

पुराणकथा आणि कथाकथन यांवरचे ऑनलाइन अभ्यासक्रम आता तालुक्याच्या गावातला विद्यार्थीही मोबाइलवर पुरे करतो. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झालं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून मिळवता येतात. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याला याचा मोठा आधार आहे. एसटी चुकू नये म्हणून शेवटचा तास सोडणारी मुलगी आणि उसाच्या हंगामात घरच्या कामाला जुंपलेला मुलगा, दोघंही रात्री जेवणं उरकल्यावर तोच धडा पुन्हा ऐकू शकतात. ही सोय टिकली पाहिजे. मला बोलायचं आहे ते या अभ्यासक्रमांच्या शेवटाबद्दल.

शेवट होतो तो बहुतेक वेळा संगणकासमोर, चार पर्यायांतला एक निवडून. समुद्रमंथनातून काय निघालं, अमुक ग्रंथ कुणी रचला, हे अशा परीक्षेत तपासता येतं. पण गोष्ट कुठे थांबवायची, कुठला प्रसंग गाळायचा, ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे सुटतं, हे तिच्यात कधीच तपासलं जात नाही. कथाकथनाचं प्रमाणपत्र हाती येतं आणि सबंध सत्रात एकही गोष्ट कुणाला सांगितलेली नसते.

याच तालुक्यातल्या गावांना कथेची सांगता कशी करावी हे चांगलं ठाऊक आहे. हरिनाम सप्ताहात सात दिवस काकडा, पारायण, हरिपाठ आणि रात्रीचं कीर्तन होतं. शेवटी काल्याचं कीर्तन. कृष्णाच्या बाललीला सांगितल्या जातात, दहीहंडी फुटते, काला हातोहात वाटला जातो आणि गाव पंगतीला बसतं. ऐकलेलं सगळ्यांमध्ये वाटून घेतल्याशिवाय सप्ताह उठत नाही. अभ्यासक्रमाचा शेवटही असाच ऐकणाऱ्यांच्या समोर व्हायला हवा.

त्यासाठी सामग्री शोधायला लांब जायचं कारण नाही. संत शेख महंमद श्रीगोंद्याचे. सूफी परंपरेतल्या चांद बोधले यांचे ते शिष्य, आणि वारकऱ्यांनी त्यांना आपलं मानलं. मालोजी भोसल्यांनी त्यांना गुरू केलं, असं परंपरा सांगते. १६४५ च्या सुमारास त्यांनी ‘योगसंग्राम’ हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. त्यातली लढाई माणसाच्या आत, त्याच्याच विकारांशी आहे. पुराणातलं युद्ध मनात आणून लढवणं ही कथाकाराची केवढी मोठी करामत! पुराणकथेच्या वर्गात यावर एक अख्खा तास खर्ची पडावा.

त्यांच्याविषयीची एक कथा वारकऱ्यांत सांगितली जाते. देहूला तुकोबांच्या कीर्तनाच्या मंडपाला आग लागली आणि शेख महंमदांनी श्रीगोंद्यात बसल्या जागी हात चोळून ती विझवली. दोन्ही गावांत सुमारे शंभर किलोमीटरचं अंतर. ही घटना खरी की खोटी, एवढ्यावर विद्यार्थ्याने थांबू नये. दोघे संत सतराव्या शतकातले, एकाच काळातले, हे इतिहास सांगतो. मुसलमान घरात जन्मलेला संत तुकोबांच्या कीर्तनाची आग आपली समजून विझवतो, हे कथा सांगते. सांगणाऱ्यांना हे नातं का जोडावंसं वाटलं आणि ऐकणाऱ्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या का जपलं, असं विचारायला शिकवणं म्हणजेच हा विषय शिकवणं. आज जुन्या कथा एकमेकांविरुद्ध वापरायची घाई झालेली असताना तर हे शिक्षण अधिकच निकडीचं आहे.

कसं सांगावं याचा धडाही याच जिल्ह्यात आहे. राहुरी तालुक्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी कुलकर्णीपण सोडलं आणि संतांच्या कथा रचण्याला आयुष्य वाहिलं. १७६२ चा ‘भक्तविजय’ आजही गावोगाव वाचला जातो. आपण हे मनाने रचलेलं नाही, नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या आधाराने सांगतो आहोत, हे त्यांनी ग्रंथात नोंदवून ठेवलं. आयते परिच्छेद चिकटवून निबंध पुरा करणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यापुढे याहून चांगला आदर्श कुठला ठेवायचा?

म्हणून माझी सूचना अशी. अभ्यासक्रमाचे शेवटचे दोन आठवडे नवा धडा नको. प्रत्येकाने आपल्या गावची एक कथा निवडावी; ग्रामदेवतेची, संताची किंवा आजीच्या जात्यावरच्या ओवीतल्या सीतेची. ती किमान दोघांकडून, त्यांची परवानगी घेऊन, ऐकून घ्यावी. दोघांच्या सांगण्यात फरक कुठे पडला ते लिहावं. मग तीच कथा स्वतःच्या बोलीत दहा मिनिटं सांगावी आणि काय ठेवलं, काय गाळलं, का गाळलं, याचं उत्तर द्यावं. निम्मे गुण यालाच असावेत.

हजारो विद्यार्थ्यांचं ऐकणार कोण, असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. पण हे विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या पटावर असतात. पाच-पाच जणांचे गट करून त्यांनी एकमेकांचं ऐकावं आणि स्थानिक प्राध्यापकाने गुण द्यावेत. त्या प्राध्यापकाचा हा वेळ कामाच्या तासांत धरला जावा, नाहीतर पुन्हा फक्त कागद भरले जातील. दूरच्या तज्ज्ञाचं व्याख्यान पडद्यावरून यावं. गोष्ट ऐकायला मात्र जवळचा माणूस लागतो.

जी घरं या कथा सांगत आली, त्यांचीच मुलं आज पदवीच्या वर्गात बसली आहेत. पुढच्या सत्राचा आराखडा करताना महाविद्यालयांनी आणि विद्यापीठाने एवढं करावं: या मुलांना एकदा तरी गोष्ट सांगायला लावावी आणि ती मनापासून ऐकून घ्यावी.