जड फायलींचा भार जुन्या प्रिंटरवर का?

खोपोली, कर्जत, खालापूर यांसारख्या गावांतल्या झेरॉक्सच्या दुकानांत कॅननचा एलबीपी 2900 किंवा एचपीचा लेझरजेट 1020 असे जुने लेझर प्रिंटर अजून रोजचे काम ओढतात. अर्ज, प्रतिज्ञापत्र, साधा सातबारा झरझर निघतो. विकास आराखड्याचा रंगीत नकाशा किंवा फिकट छटांनी भरलेली पीडीएफ आली, की मात्र अर्धे पान छापून खालचा भाग कोरा येतो, नाहीतर मेमरी कमी पडल्याचा संदेश झळकतो. मग सल्ला ठरलेला: मशीन जुने झाले, नवे घ्या. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा आहे. धडधाकट यंत्र भंगारात जाते आणि दोष ज्या फायलीत आहे ती तशीच राहते.

लेझर प्रिंटर अडतो कुठे, ते आधी पाहू. इंकजेटचे हेड ओळ संपली की थांबून पुढच्या माहितीची वाट पाहू शकते. लेझरला ती सवड नसते. ड्रमवर पान उमटायला लागले की ते एका दमात शेवटापर्यंत न्यावेच लागते. 600 डीपीआयच्या ए-फोर पानावर सुमारे साडेतीन कोटी ठिपके बसतात. नुसते काळे-पांढरे धरले तरी त्यांना चार एमबीहून जास्त जागा लागते, आणि वरच्या दोन्ही मॉडेलांत मेमरी आहे 2 एमबी. एरवी निभते, कारण संगणक पान तयार करून दाबून पाठवतो आणि मजकुराच्या पानावरची कोरी जागा सहज दाबली जाते. फिकट छटा मात्र सुट्या ठिपक्यांच्या जाळीने दाखवावी लागते, आणि ती जाळी फारशी दबत नाही. पोस्टस्क्रिप्ट या पान-वर्णनाच्या भाषेवर चालणाऱ्या जुन्या ऑफिस प्रिंटरांचे दुखणे वेगळे. पारदर्शक रंगथर पीडीएफमध्ये 2001 च्या सुमारास आले. पोस्टस्क्रिप्टला ते ठाऊकच नाहीत. त्यामुळे एकावर एक ठेवलेल्या थरांचे असंख्य तुकडे होतात आणि प्रिंटरला ते एकेक करून सोडवत बसावे लागते.

दुखणे दोन, तर औषधेही दोन. पोस्टस्क्रिप्टवाल्या यंत्रासाठी ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये जाऊन ‘प्रिंट ॲज इमेज’वर खूण करावी. सगळी उकल संगणक करतो आणि प्रिंटरकडे तयार चित्र जाते. कमी मेमरीच्या यंत्रासाठी रिझोल्यूशन 300 वर आणावे, म्हणजे ठिपके एक चतुर्थांश होतात. आणि जमेल तिथे मागची छटा काढून फाइल निव्वळ काळी-पांढरी करावी. दोन्हींना पैसा लागत नाही.

यावर पहिली हरकत अशी, की 300 वर छपाई गचाळ येते. ॲपलचा 1985 चा लेझररायटर 300 डीपीआयचाच होता आणि टेबलावरच्या संगणकावरून पुस्तके-मासिके जुळवण्याचे पर्व त्याच्यावरच सुरू झाले. एका मिलिमीटरात जवळपास बारा ठिपके बसतात. सातबाऱ्यावरचा क्यूआर कोड वाचायला ते पुरतात. हद्दीची बारीक रेघ थोडी दातेरी होते, हे खरे. पण मोजणीसाठी लागणारा नकाशा ए-फोरवर कधीच छापू नये; त्याची प्रमाणित प्रत भूमी अभिलेख कार्यालयातूनच घ्यावी.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: इंकटँक स्वस्तात मिळतो, रंगही देतो, मग जुन्याची खटपट कशाला? बोरघाटाच्या पायथ्याला जून ते सप्टेंबर पाऊस कसा कोसळतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची भुकटी. उष्णतेने ती कागदावर वितळून बसते आणि पाण्याने पसरत नाही. बऱ्याच इंकटँकांतली रंगीत शाई डाय प्रकारची असते, ती थेंब पडताच फुटते. शर्टाच्या खिशातून तहसील कचेरीत जाणाऱ्या कागदाला पावसाळ्यात लेझरच हवा. शिवाय टोनर पुन्हा भरून देणारा माणूस बाजारात सापडतो आणि कार्ट्रिज कितीदा तरी वापरता येते. चालते यंत्र ई-कचऱ्यात ढकलायला कारण तेवढेच भक्कम हवे.

मात्र सगळी जबाबदारी दुकानदारावर टाकणे अन्यायाचे आहे. सातबारा ऑनलाइन करून सरकारने लोकांचे हेलपाटे वाचवले, हे मोठे काम झाले. पण फाइल पडद्यावर देखणी दिसावी म्हणून तिच्यात थर चढवले जातात आणि ती शेवटी कुठल्या यंत्रावर छापली जाणार, याचा विचार राहून जातो. नगरपरिषद, नगररचना आणि भूमी अभिलेख या खात्यांनी प्रत्येक रंगीत नकाशासोबत छपाईची दुसरी फाइल द्यावी: पारदर्शक थर काढलेली, रंगांऐवजी तिरप्या रेघांनी विभाग दाखवणारी, गावागणिक ए-फोरमध्ये तोडलेली. एकरंगी अमोनिया प्रिंटवर वाढलेल्या आराखडाकारांना रेघांची ही भाषा परकी नाही. नकाशा बनवणाऱ्या संगणकावर हे एकदाच करायचे आहे. आज तेच काम प्रत्येक दुकानात, प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने करावे लागते.