सत्तावीस की वीस सात?

शिक्षक मित्रांनो, पालकांनो, "सत्तावीस लिही" म्हटलं की दुसरीतलं एखादं मूल ७२ लिहितं. सात आधी ऐकू येतो ना! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचन आलं, तेव्हा केवढी टीका झाली!

पण आपल्या मुळशीतल्याच हिंजवडीत प्रोग्रॅम लिहिणारे हेच करतात. प्रत्येक संख्येसाठी वेगळी ओळ कशाला? दशक म्हणा, एकक जोडा. एकच नियम ९९ पर्यंत चालतो. प्रोग्रॅम वरून खाली जुळवत जातो, म्हणून अपवाद तेवढे नियमाच्या वर लिहितात.

आपले अपवाद म्हणजे एकोणतीस, एकोणचाळीस. नाव पुढच्या दशकाचं! बाजारात जुनीच नावं लागतात, ती शिकवूच. पण आधी नियम कळू द्या, मग पाठांतर. तोवर ७२ लिहिणाऱ्याला 'ढ' म्हणू नका.